ओल कशी मोजायची? बागेतली माती आणि कंपोस्ट यांबद्दल सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मार्च लागला की मला एकाच छापाचे निरोप येऊ लागतात. मान टाकलेल्या झाडाचा फोटो आणि खाली एक ओळ: "पाणी कमी पडलं की जास्त झालं?" फोटोवरून ते कुणालाच सांगता येणार नाही. पाण्यावाचून सुकणारं झाड आणि पाण्यात गुदमरणारं झाड वरून सारखंच दिसतं. फरक असतो तो मातीत, आणि तो तिथेच जाऊन बघावा लागतो. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओल मोजायची म्हणजे नेमकं काय करायचं? मी रोज सकाळी प्रत्येक कुंडीला एक तांब्या घालते, तेवढं पुरत नाही का?

तांब्या तोच राहतो, पण झाडाची तहान रोज बदलते. एप्रिलमध्ये पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा एक तांब्या दुपारपर्यंतही टिकत नाही. ऑगस्टच्या ढगाळ आठवड्यात त्याच तांब्याने मुळं कुजतात. म्हणून मुळांपाशी आत्ता किती ओल शिल्लक आहे हे आधी बघायचं आणि मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवायचं.

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर आहे आणि मधल्या पोकळ्यांत हवाही खेळते आहे, अशी ती अवस्था. मुळांना दोन्ही लागतं. मीटर, काटा, सेन्सर काहीही वापरा, शोधायचा असतो तो वाफसाच.

२. काहीही विकत न आणता ओल कशी बघू?

हाताने. याहून भरवशाचं साधन मला अजून सापडलेलं नाही. खुरप्याने चार बोटं खोल माती काढा आणि मूठभर घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून पाणी आलं किंवा तळहाताला चिखल माखला तर ओल जास्त आहे. गोळा झाला, हाताला थंड लागला आणि कंबरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल, माती भुरभुर सांडत असेल, तर पाण्याची वेळ झाली.

कुंडीत खणणं जिवावर येत असेल तर खराट्याची जाड काडी घ्या. कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून गालाला लावा. ओल बोटांपेक्षा गालाला लवकर कळते. काडी कुठपर्यंत गडद झाली आहे, माती कुठे चिकटली आहे, हेही बघा. पाणी तळात साचलंय की वरच्या वर राहिलंय, ते ही साधी काडी दाखवते. अंगणातल्या वाफ्यासाठी लोखंडी सळई घ्या. ओल्या मातीत ती हाताच्या जोराने उतरते आणि कोरड्या थरापाशी अडते.

३. वरची माती तर दुपारपर्यंत पांढरी पडते. मग बघायचं किती खोल?

मुळं जिथे आहेत तिथे. मेथी, कोथिंबीर, पालक यांना दोन ते तीन इंच. मिरची, वांगं, टोमॅटोला सहा इंचांच्या आसपास. जमिनीतल्या लिंबाला किंवा डाळिंबाला फुटभर, तेही खोडाशी नको, फांद्यांची सावली जिथे संपते त्या कडेला. आपल्या उन्हात वरचा इंचभर थर नेहमी कोरडाच असतो. त्याच्यावरून पाणी घालायला लागलात तर खालचा थर कधीच श्वास घेणार नाही.

४. आमच्या अंगणात काळी माती आहे आणि कुंड्यांत नर्सरीची लाल. दोन्हींची परीक्षा एकच का?

पद्धत एकच, पण निकाल वेगळा वाचायचा. हा फरक समजला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

काळ्या मातीतले चिकणकण अतिशय बारीक असतात. ते पाणी पिऊन फुगतात आणि सुकताना आकसतात, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती पाणी भरपूर धरते, पण त्यातलं बरंचसं स्वतःकडेच घट्ट धरून ठेवते. मुळांना ते ओढून घेता येत नाही. त्यामुळे काळी माती हाताला ओलसर लागत असतानाही झाड तहानलेलं असू शकतं. उलट रेताड किंवा मुरमाड माती थोडंच पाणी धरते, पण जे धरते ते झाडाला जवळजवळ सगळं देते.

चिमूटभर ओली माती अंगठा आणि बोटात दाबत पुढे सरकवा. काळ्या मातीची लांब पट्टी निघते, पोयट्याची, म्हणजे मधल्या प्रतीच्या मातीची, आखूड निघून तुटते, रेताडीची निघतच नाही. पट्टी जितकी लांब, तितकं पाणी उशिरा आणि एका वेळी जास्त द्यायचं. काळ्या मातीत ओल कमी झाल्याचं कळायला मी पट्टीचाच आधार घेतो. वाफशावर पट्टी सलग निघते, झाडाला ताण पडू लागला की तिला चिरा जातात.

या मातीची ओल धरून ठेवण्याची ताकद आपल्या भागाला जुनी माहीत आहे. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. मंगळवेढ्याच्या भारी काळ्या रानात त्या पावसाच्या साठलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३०च्या दशकात देशात जी मोजकी केंद्रं निवडली गेली, त्यांत सोलापूरही होतं.

५. गच्चीवर साठ कुंड्या आहेत. प्रत्येकीत काडी घालत बसू का?

नका. कुंडी उचलून बघा. पाण्याला वजन असतं आणि एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशेब कुंडीत अगदी तंतोतंत लागू पडतो.

माझ्या मोगऱ्याचं उदाहरण देतो. पोटभर पाणी घालून ते निथळल्यावर कुंडी साडेनऊ किलो भरते. पानं मलूल होऊ लागतात तेव्हा साडेसहा. म्हणजे मोगऱ्याच्या कामाचं पाणी तीन किलो. त्यातलं निम्मं संपलं, काटा आठवर आला की मी दीड लिटर घालतो. तळातून थेंबही वाया जात नाही. यासाठी भाजीवाले वापरतात तसला हुकाचा ताणकाटा पुरतो. एका आकाराच्या, एकाच मातीच्या कुंड्यांपैकी दोनच तोला, बाकीच्या त्यांच्यावरून समजतात. फक्त उन्हातली आणि सावलीतली अशी एकेक निवडा. झाड वाढतं तसं त्याचं स्वतःचं वजनही वाढतं, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी आकडे नव्याने घ्या.

६. ऑनलाइन दोन काड्यांचा मॉइश्चर मीटर घेतला. बॅटरी लागत नाही म्हणे. तो खरं सांगतो का?

कधी सांगतो, कधी नाही. तो कसा चालतो ते कळलं की त्याच्यावर कधी विसंबायचं हेही कळेल. त्याच्या दोन काड्या किंवा टोकाचे दोन भाग वेगवेगळ्या धातूंचे असतात. ओल्या मातीत त्यांच्यात अगदी क्षीण वीज तयार होते, त्यावर काटा हलतो. म्हणजे तो पाणी मोजत नाही, वीज मोजतो. आणि वीज क्षारांवरही अवलंबून असते.

घरीच ताडून बघा. एका ग्लासात आरओचं पाणी घ्या, दुसऱ्यात त्याच पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. दोन्हीत पाणी तेवढंच, पण मिठाच्या ग्लासात काटा किती पुढे पळतो ते दिसेल. आपल्याकडे बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांच्या कुंड्यांवर पांढरा थर येतो, रासायनिक खत दिलेल्या कुंडीतही क्षार वाढतात. अशा मातीत मीटर खरी ओल असते त्याहून जास्त दाखवतो.

याच्या उलट फसवणूक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात होते. मिश्रण भुसभुशीत, काड्यांना माती नीट चिकटत नाही, आणि मीटर 'ड्राय' दाखवत राहतो. माझं ड्रममधलं डाळिंब असंच गेलं. रोज 'ड्राय' बघून रोज पाणी घातलं. पंधराव्या दिवशी ड्रम आडवा केला तेव्हा खालचं फुटभर मिश्रण काळं, लिबलिबीत, कुजक्या वासाचं निघालं आणि मुळांची साल बोटाने ओढल्याबरोबर मोज्यासारखी निघून आली. खराट्याची काडी घातली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्या झाडाची हळहळ मला अजून वाटते.

मीटर वापरायचाच तर तीन पथ्यं पाळा. एकाच मातीच्या कुंड्यांची आपापसांत तुलना करायला वापरा. तीन ठिकाणी घालून बघा. आणि काम झालं की काड्या पुसून कोरड्या ठेवा. मातीत रोवून ठेवलेल्या काड्या गंजून महिन्याभरात निकामी होतात.

७. मुलाने सेन्सर आणून मोबाइलवर आकडे दाखवायची सोय केली आहे. तो जास्त अचूक असतो ना?

कुठला सेन्सर आहे ते बघा. उघड्या धातूच्या दोन दांड्यांचा असेल तर त्यातून वीज जाऊन दांड्या झिजतात आणि क्षारांची अडचण प्रश्न ६ सारखीच राहते. चपट्या, लेप दिलेल्या पट्टीचा असेल तर तो कपॅसिटिव्ह. त्याचं तत्त्व वेगळं आहे. विजेच्या क्षेत्राला प्रतिसाद देण्याचा पाण्याचा गुणांक ८०च्या आसपास, मातीच्या खनिजांचा ३ ते ५ आणि हवेचा १. म्हणून ओल थोडी बदलली तरी सेन्सरला ती जाणवते, क्षारांचा परिणाम कमी होतो आणि गंजण्याचा प्रश्न उरत नाही.

पण तो जो आकडा देतो ती टक्केवारी नसते. स्वस्तातल्या बहुतेक पट्ट्यांत कोरड्या मातीत आकडा मोठा आणि ओल्या मातीत लहान येतो, त्याने बरेच जण गोंधळतात. तुमच्याच मातीत दोन खुणा करून घ्या: एक पूर्ण भिजवून निथळल्यावर, दुसरी झाड मलूल होताना. मधला प्रवास तेवढाच तुमच्या कामाचा. कुंडीची माती बदलली की खुणाही बदलतात. पट्टीवर जी रेघ आखलेली असते तिच्या वर माती आणि पाणी जाऊ देऊ नका, वरचे भाग उघडे असतात.

८. आमच्या मळ्यात डाळिंब आहे. टेन्शिओमीटर लावावा का?

सलग ठिबक असेल तर जरूर. केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. बागेचा सल्ला त्यांच्याकडून घेतलेला बरा, मी इथे फक्त उपकरण समजावून सांगतो. बंद नळी, तळाला सच्छिद्र मातीचं भांडं, वर दाबमापक. माती सुकली की भांड्यातून पाणी ओढते, नळीत निर्वात तयार होतो आणि काटा वर चढतो. म्हणजे मातीत पाणी किती यापेक्षा ते ओढून घ्यायला मुळांना किती कष्ट पडतात, हे तो सांगतो. प्रश्न ४ मधली काळ्या मातीची अडचण इथे आपोआप सुटते.

शून्याच्या जवळ म्हणजे चिखल, १० ते ३० सेंटिबार (ही ओढ मोजायचं एकक) म्हणजे साधारण वाफसा. ८०च्या पुढे गेला की नळीत हवा शिरते आणि काटा खाली पडतो. तेव्हा माती ओली झाली असं समजू नका. भारी काळ्या जमिनीत भेग भांड्याजवळून गेली तरी हेच होतं. बसवताना त्याच मातीचा पातळ गारा करून भांड्याभोवती ओता.

९. मला खरी टक्केवारी हवी आहे. घरी काढता येते का?

येते, आणि एकदा तरी काढावी. हाताचा अंदाज किती बरोबर आहे ते त्यातून कळतं. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. मुळांच्या खोलीवरची शंभर-सव्वाशे ग्रॅम माती खडे काढून लगेच तोला. ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला वाळवा. प्रयोगशाळेत २४ तास ठेवतात. घरी दोनदा तोलून वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवलं की झालं. समजा ओली १३० ग्रॅम होती आणि वाळून १०४ झाली, तर पाणी २६ ग्रॅम. कोरड्या वजनावर २५ टक्के.

ओव्हन नसेल तर मे महिन्यात पत्र्यावर दोन दिवस पसरा. मात्र काळी माती उन्हात पूर्ण कोरडी होत नाही, थोडं पाणी धरूनच ठेवते, म्हणून आकडा किंचित कमी येतो. तुलनेसाठी तो चालतो.

१०. कंपोस्टची ओल एका ठिकाणी ६० टक्के लिहिली होती, मी मोजली तर १५० आली. शंभराच्या वर कशी जाईल?

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. मातीत पाण्याला कोरड्या वजनाने भागायची पद्धत आहे, कंपोस्टमध्ये ओल्या वजनाने. शंभर ग्रॅम कंपोस्ट वाळून ४० उरलं तर पाणी ६०. ओल्या वजनावर ६० टक्के, कोरड्या वजनावर १५०. प्रश्न ९ मधली २५ टक्क्यांची मातीदेखील ओल्या वजनावर २०च भरते. कुठलाही आकडा वाचताना आधी भागाकार कशाने केलाय ते विचारा.

११. कंपोस्टमध्ये ओल किती हवी आणि कशी ओळखायची?

५० ते ६० टक्के, ओल्या वजनावर. चाळीसच्या खाली जिवाणूंचं काम मंदावतं. पासष्टच्या वर हवेच्या जागा पाण्याने भरतात आणि वास सुटतो. ओळखायला मूठच पुरते. ढिगाच्या आतून घ्या, वरून नको. जोरात पिळल्यावर बोटांत एखाद-दुसरा थेंब यावा आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. धार लागली तर जास्त, गोळा सुटला तर कमी. धुवून नीट पिळलेल्या टॉवेलचा स्पर्श आठवा. तयार, चाळलेल्या खताला मात्र हा नियम लावू नका, ते याहून कोरडंच भरून ठेवावं.

दोन काड्यांचा मीटर इथे अजिबात चालत नाही. कंपोस्टमध्ये क्षार भरपूर आणि पोकळ्याही भरपूर, त्यामुळे प्रश्न ६ मधल्या दोन्ही चुका एकदम होतात.

१२. बादलीतून काळं पाणी गळतंय, वास येतोय. सुकं किती घालू?

भाजीच्या देठा-सालींत ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, सुक्या पाल्यात दहाच्या. एक किलो ओल्या कचऱ्याला अर्धा किलो सुका पाला घातला तर एकूण दीड किलोत पाणी ९०० ग्रॅम, म्हणजे बरोबर ६० टक्के. अर्धा किलो पाला म्हणजे केवढा मोठा ढीग, हे एकदा तोलून बघा. बहुतेक जण मूठभर घालतात आणि तिथेच गणित चुकतं. कडुनिंबाचा पाला, उसाचं पाचट, ज्वारीच्या धाटांचे तुकडे, सगळं चालतं. सोलापुरात शेंगाचटणी घरोघरी, तेव्हा शेंगांची टरफलं टाकू नका. ती लवकर दबत नाहीत, ढिगात हवा खेळती ठेवतात.

१३. उन्हाळ्यात ढीग उकरला तर आत राखेसारखी पांढरी भुकटी. बुरशी लागली का? खत फेकू?

फेकू नका. ढीग आतून तापला, पाणी उडून गेलं आणि त्या उष्ण, कोरड्या जागेत तंतूंसारखे वाढणारे जिवाणू पसरले, त्यांची ती पांढरी झाक. खताला अपाय काही नाही, पण ओल संपल्याची खूण आहे. वरून बादली ओतलीत तर पाणी कडेने पळून जाईल. ढीग उलटा आणि थर देताना शिंपडत जा.

किती पाणी घालायचं तेही काढता येतं. दहा किलो कंपोस्ट ४० टक्क्यांवर आहे, म्हणजे सुका माल सहा किलो. तो ४५ टक्के उरला पाहिजे, तर ओल ५५ होईल. सहाला ०.४५ने भागलं की १३.३, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास पाणी. मग वर जुनी सोलापुरी चादर भिजवून टाका. जाड सुती विणीत ओल टिकते आणि हवाही आत जाते, प्लास्टिकने हवा कोंडते.

१४. गांडूळखतालाही हेच माप का?

नाही, गांडुळं कातडीतून श्वास घेतात, ती सतत ओली लागते. ६० ते ७० टक्के ठेवा. गांडुळं झाकणाकडे चढू लागली की बहुधा ओल जास्त झालेली असते, तळाशी गोळा होऊन बसली की वरचा थर सुकलेला असतो.

१५. माती ओली आहे, तरी दुपारी पानं माना टाकतात. पाणी घालू का?

थांबा. भर उन्हात पानांतून पाणी जेवढ्या वेगाने उडतं तेवढ्या वेगाने मुळांना ते ओढता येत नाही. भोपळा, काकडी, जास्वंद तर हमखास मलूल होतात. सकाळी सातला बघा. पानं ताठ असतील तर काही करायचं नाही, दुपारी सावलीची जाळी बांधा. सकाळीही मलूल आणि माती ओली, तर मुळं गेली आहेत. तळाची माती हुंगा. आंबूस, सडका वास आला तर पाणी बंद करून तळाची भोकं मोकळी करा.

१६. रात्री पाऊस झाला. आज पाणी द्यायचं का?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. दहा मिलिमीटरने कोरडी काळी माती जेमतेम दोन इंच भिजते. रेताड माती त्याच्या दुप्पट. पण भेगाळलेल्या जमिनीत पहिल्या पावसाचं पाणी सरळ भेगांतून खोल जातं आणि मधले ढेकूळ आतून कोरडेच राहतात. एक ढेकूळ फोडून बघा, आतली फिकी गाठ लगेच दिसते. दाट पानांच्या कुंड्यांत तर पाऊस छत्रीवरून ओघळावा तसा बाहेर पडतो. तिथे प्रश्न ५ प्रमाणे कुंडी उचलून बघा.

१७. नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ओल मोजून माझं पाणी खरंच वाचेल का?

वाचतं, आणि मला या सगळ्याची ओढ लागली ती त्याच कारणाने. उजनी धरणातून इथवर आणलेलं पाणी दोन-तीन दिवस पिंपात जपायचं आणि ते आधीच ओल्या असलेल्या कुंडीत ओतायचं, हे मनाला पटत नाही.

पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी फेरी मारा. कुंड्या उचला, वाफ्यात सळई घाला आणि ज्यांना उद्यापर्यंत दम निघणार नाही त्यांनाच साठवणीतलं द्या. कोकोपीट जास्त असलेल्या कुंड्या एकदा पूर्ण सुकल्या की पाणी धरत नाहीत, कडेने गळून जातं. त्यांना कोरडं पडू देऊ नका. पडल्याच तर घमेल्यात पाणी घेऊन तळातून अर्धा तास भिजवा. वाफ्यात खुरप्याने वरचा इंचभर थर हलवून ठेवा. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं शेतकरी म्हणतात ते यासाठीच, भेगा बुजल्या की खालची ओल कमी उडते. त्यावर तीन बोटं पाचट पसरा. आठ दिवसांनी पाचटाखाली हात घाला आणि शेजारच्या उघड्या मातीतही घाला, दोन्ही हातांना लागेल तो फरक वहीत तारखेसकट लिहून ठेवा.